उपकारस्तुती आणि चूल : ख्रिस्ती घरातल्या जेवणाचा एक इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा माणूस स्वयंपाकघरात कशाला शिरतो? आम्ही वर्षानुवर्षं वर्गात 'कृतज्ञता म्हणजे काय' हा प्रश्न शिकवला. त्याचं उत्तर ग्रंथांत सापडतं तेवढंच चुलीपाशीही सापडतं, असं आमचं मत होत गेलं आहे. तेव्हा ख्रिस्ती घरातलं रोजचं जेवण आणि त्याआधी मानले जाणारे आभार, यांचा इतिहास आज आपण पाहू. आणि तो मुख्यतः आपल्या मुलखातला पाहू. प्रश्न एकच धरून चालू. ताटापुढे बसून देवाचे आभार मानले, की ज्या हाताने ते ताट वाढलं त्या हाताचं काय?

सुरुवात दोन शब्दांपासून करू या. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात रोजच्या अन्नाचं मागणं आहे. मराठी बायबलात तिथे शब्द आला 'भाकर'. हा शब्द निवडणाऱ्यांनी मोठंच काम करून ठेवलं आहे. पाव भट्टीतून विकत आणता येतो. भाकर कुणीतरी रोज, हाताने, विस्तवापुढे बसून थापावी लागते. पॅलेस्टाईनच्या खेड्यातली रोटीही घरोघरी भाजली जाई, गरिबाघरी ती जवाची असे. म्हणजे भाकर म्हटल्याबरोबर तिच्यामागे एक बाई उभी राहते. प्रार्थनेत तिचा उल्लेख नाही, पण शब्दात ती आहे.

दुसरा शब्द 'उपकारस्तुती'. यहुदी रीतीप्रमाणे कुटुंबप्रमुख रोटी हातात घेऊन देवाची स्तुती करी, मग ती मोडून सगळ्यांना देई. लक्षात घ्या, स्तुती रोटीची नाही, ती उगवणाऱ्याची. येशूने शेवटच्या भोजनात हेच केलं. ग्रीकमध्ये या आभार मानण्याला 'युखारिस्तिया' म्हणतात, आणि पुढे ख्रिस्ती उपासनेतल्या सर्वांत पवित्र विधीला तेच नाव मिळालं. मराठी बायबलात या जागी 'उपकारस्तुती' येतं. आपल्याकडे नैवेद्य आहे, चित्राहुती आहे, जेवणाआधीचा श्लोक आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. आणि एक गोष्ट विसरू नये. पहिली जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती मंडळी बहुतेक घरांतच जमत. इ. स. ३१३ नंतर मोठमोठी मंदिरं उभी राहू लागली. वेदीच्या आधी घरातलं मेज होतं.

आता हे सगळे एकत्र जेवत म्हटल्यावर पंगतीचा प्रश्न आलाच! आपल्याला वाटतं पंक्तिभेद हा आपलाच शोध. पहिल्या शतकात अंत्युखिया नगरात पेत्र यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमेकडची काही कर्मठ मंडळी आली, आणि तो हळूच त्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला चारचौघांत जाब विचारला. करिंथ शहरात तर श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत, आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांनाही सुनावलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आभार मानून घेतलेलं अन्न अशुद्ध नसतं. पण शेजारच्याला उपाशी ठेवून मानलेले आभार हे आभारच नव्हेत. म्हणजे अन्नाची शुद्धता पदार्थात शोधायची नाही, ती माणसामाणसांतल्या नात्यात शोधायची. हा विचार पुढे आपल्या मुलखात आला तेव्हा त्याचं काय झालं?

पहिली गोष्ट गोव्याची, आणि ती सुखाची नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं. मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. १७३६ साली त्याने एक जाहीरनामा काढला. त्यात बाटलेल्या लोकांनी कोणत्या जुन्या चाली सोडायच्या याची यादी होती, आणि त्या यादीत एक कलम असं, की भात मिठाशिवाय शिजवायचा नाही. हिंदू घरांत भात अळणी शिजवून मीठ मागाहून घेत. ती रीत बंद! अनंत काकबा प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ साली जो ग्रंथ लिहिला त्यात हे वाचायला मिळतं. आता विचार करा, भाताच्या भांड्यात मीठ कधी पडलं हे कळणार कुणाला? घरातल्या माणसाला, मोलकरणीला, शेजारणीला. अशा न्यायालयाचं काम तक्रारींवर चालतं. म्हणजे जिथे आभार मानायचे तिथे पाळत आली, आणि चूल साक्षीदार झाली. ज्या पौलाने पदार्थावरून माणूस जोखू नका म्हटलं, त्याच्याच धर्माच्या नावाने चिमूटभर मिठावरून श्रद्धा मोजली गेली.

दुसरी गोष्ट पुण्याची, आणि इथे पारडं उलट आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये पुण्याच्या प्रतिष्ठितांना बोलावणं होतं. घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. मग गोपाळरावांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावभर गहजब झाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि १८९२ साली रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आपण ही हकीकत गमतीने सांगतो. पण गोव्याचं कलम आणि पुण्याचा चहा शेजारी ठेवून पाहा. एकीकडे अन्न कसं शिजवलं यावरून माणूस धर्माबाहेर, दुसरीकडे कुणाच्या हातचं घेतलं यावरून. दोन्हीकडे देणाऱ्याचे आभार मानायला जागाच उरलेली नाही.

ही कोंडी फोडली ती बायकांनी. दोघींचीच नावं घेतो.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्यांनी शाकाहार सोडला नाही. तिथल्या धर्मभगिनींना हे जुन्या संस्कारांचं शेपूट वाटे. त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद दिसतो. रमाबाईंचं वागणं सांगतं की श्रद्धा बदलली म्हणून ताट बदलायची सक्ती नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढल्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथे ब्राह्मण मुलींना आपले सोवळ्याचे नियम पाळायची मोकळीक त्यांनी ठेवली. स्वतः ख्रिस्ती असून दुसरीच्या चुलीत हात न घालणं, हे १७३६ च्या जाहीरनाम्याला दिलेलं उत्तरच म्हणायचं.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग नगरला पतीकडे आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक त्यांनी लहानपणी पाहिलेला होता. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी तो अशा विनोदाने सांगितला आहे की हसता हसता डोळ्यांत पाणी यावं. त्यांच्या मनाचं परिवर्तन कसं झालं? कुणाच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्या आपल्याशीच करीत राहिल्या, आणि माणसाने केली असं पटल्यावर कुणाच्याही हातचं खायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी हात स्वीकारला, मग उपकारस्तुती केली. पुढे त्यांचं घर अनाथ मुलांचं, आल्यागेल्याचं घर झालं. टिळक कुणाला केव्हा जेवायला घेऊन येतील याचा नेम नसे, आणि डब्यात पीठ आहे की नाही याची काळजी बाईंची! ज्यांना ख्रिस्ती कुटुंबातला स्वयंपाक समजून घ्यायचा असेल त्यांनी हे पुस्तक त्या दृष्टीने पुन्हा वाचावं.

आता एक अवघड मुद्दा, तो टाळून चालणार नाही. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अन्न दिलं, आणि 'पोटासाठी बाटले' हा आरोप तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे. तत्त्वज्ञानात यावर जुना विचार आहे. पौलाचाच समकालीन रोमन विचारवंत सेनेका याने उपकारांवर आख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा रोख असा की देणाऱ्याने दिलेल्याचा हिशेब ठेवला की तो उपकार राहत नाही, ते कर्ज होतं. दुष्काळातल्या अन्नाच्या मागे हिशेब होता का? काही ठिकाणी असेलही. पण आरोप करणाऱ्यालाही आम्ही विचारू, की त्या भुकेल्या माणसाला तोवर आपल्या पंगतीत किती जणांनी बसवलं होतं? ज्याला विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्याला कुणीतरी शेजारी बसवून जेवू घातलं. त्याने त्यात देव पाहिला, तर तो नुसता पोटाचा व्यवहार म्हणता येणार नाही. केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुली आल्या. त्या तिथे फक्त जेवल्या नाहीत; शेती, विणकाम, छपाई शिकल्या. घेणाऱ्याला देणारा होता आलं की उपकाराचं ओझं उतरतं.

याचा अर्थ मराठी ख्रिस्ती समाजाने प्रश्न सोडवला असा नाही. जातीने चर्चच्या दारापर्यंत पाठलाग केला, आणि काही ठिकाणी आतही आली. आणि एक हात तर सगळ्याच धर्मांत मागे राहिला, तो म्हणजे घरातल्या बाईचा. लूकच्या शुभवर्तमानात मार्था स्वयंपाकात गुंतलेली असते आणि मरिया येशूचं बोलणं ऐकत बसते. येशू मरियेची बाजू घेतो. शतकानुशतकं मार्थेकडे खालच्या नजरेने पाहिलं गेलं. चौदाव्या शतकाच्या सुमारास माइस्टर एकहार्ट या जर्मन तत्त्वज्ञाने मात्र एका प्रवचनात सांगितलं, की मार्थाच अधिक पिकलेली, कारण ती काम करतानाही देवापासून दूर नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होऊन गेला. भांड्यांच्या खडखडाटातही त्याला देवाचं सान्निध्य वाटे. त्याचं छोटं पुस्तक आजही वाचतात. पण गंमत पाहा, मठातल्या पुरुषाने भांडी घासता घासता देव पाहिला की ती साधना. घरातल्या बाईने जन्मभर तेच केलं की ते काम!

तरीही घराघरांत काही गोष्टी आपोआप घडत आल्या आहेत. गोव्यात पावसाळ्यात भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन लोकांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' होतो, तोही नव्या पिकाच्या आभाराचा. मातीची जुनी रीत आणि ख्रिस्ती श्रद्धा यांत इथे भांडण उरलेलं नाही. आणि अनेक ख्रिस्ती घरांत जेवणाआधीच्या प्रार्थनेत एक मागणं सहज येतं, की ज्या हातांनी हे अन्न तयार केलं त्या हातांना आशीर्वाद दे. कृतज्ञता वर जाताना चुलीवरून गेली, एवढं त्याने सिद्ध होतं.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर, उपकारस्तुतीत दोन पक्ष नसतात, तीन असतात : देणारा देव, घेणारा मी, आणि मधला हात. गोव्याच्या न्यायालयाने त्या हातावर पाळत ठेवली, पुण्याच्या सनातन्यांनी तो विटाळ मानला, आणि आपण सगळ्यांनी तो गृहीत धरला. लक्ष्मीबाईंनी तो आधी धरला आणि मग हात जोडले. तेव्हा आज रात्री जेवायला बसाल, श्लोक म्हणा, प्रार्थना करा, काहीच म्हणत नसाल तरी हरकत नाही. फक्त डोळे उघडल्यावर पाहा, ज्या हाताला आशीर्वाद मागितला तो पंगतीत बसलाय, की अजून तव्यापाशीच आहे. तव्यापाशी असेल, तर शेवटची भाकर आपण उठून भाजावी.