दूर असलेला भिक्खू आणि संघाची समग्रता

जो शरीराने विहारात येऊ शकत नाही, त्याला संघकार्यात सहभागी मानावे काय? हा प्रश्न आजचा वाटतो. २०२० सालच्या टाळेबंदीत १४ एप्रिलची जयंती व ७ मेची बुद्धपौर्णिमा आपण घरोघरी साजरी केली आणि मोबाईलवरून वंदना ऐकण्याची सवय लागली. परंतु प्रश्न फार जुना आहे. विनयपिटकाने त्याचा सूक्ष्म विचार केलेला आहे.

महावग्गातील उपोसथक्खन्धकानुसार सीमेतील सर्व भिक्खूंनी पंधरवड्यास एकत्र येऊन पातिमोक्ख ऐकावयाचे असते. एक भिक्खू आजारी असल्याचे कळताच भगवंतांनी अनुज्ञा दिली, की आजाऱ्याने आपली 'पारिसुद्धि', म्हणजे निर्दोषतेचे निवेदन, दुसऱ्या भिक्खूकरवी संघास कळवावे. संघाच्या इतर कार्यांसाठी 'छन्द', म्हणजे संमती, तशीच पाठवावी. वाचा नसेल तर शारीरिक खूणही पुरेशी ठरते. तेही न साधल्यास आजाऱ्यास मंचकासह संघात आणावे. आणि हलविल्याने आजार बळावेल असे शुश्रूषा करणाऱ्यांस वाटले, तर संघानेच त्याच्याकडे जाऊन उपोसथ करावा. अपूर्ण संघाने उपोसथ करणे ही दुक्कट आपत्ती होय.

याहून महत्त्वाचा आम्हांस वाटतो तो निरोप नेणाऱ्याविषयीचा नियम. तो संघात पोहोचला, पण झोप लागल्याने किंवा अनवधानाने त्याने निवेदन केले नाही, तरी आजाऱ्याची पारिसुद्धि पोहोचली असेच मानावे. त्याने जाणूनबुजून सांगितले नाही, तरीही ती पोहोचलीच. दोष मात्र निरोप्याचा. म्हणजे हजर असलेल्याच्या हयगयीने गैरहजर असलेल्याचा अधिकार बुडत नाही.

चुल्लवग्गातील अड्ढकासीचा प्रसंग याच अंगाचा आहे. पूर्वाश्रमीची ही गणिका भिक्खुनीसंघात उपसंपन्न झाल्यावर भगवंतांच्या सन्निध उपसंपदा घेण्यासाठी सावत्थीस निघणार होती. वाटेत धूर्त लोक दबा धरून बसल्याचे समजल्यावर तिने भगवंतांकडे विचारणा केली. भगवंतांनी दूताकरवी उपसंपदेची अनुज्ञा दिली. मात्र ती दूत व्यक्त व समर्थ भिक्खुनीच असली पाहिजे, अशी अट घातली. ही उपसंपदा कमी प्रतीची नव्हती. विधीची वेळ व ऋतू सांगणे, निस्सय व अकरणीय गोष्टी समजावणे, यांतले काहीही वगळलेले नाही.

यावरून कोणी घरी बसून राहण्याची सवलत काढू नये. राजगहाजवळ मद्दकुच्छि येथे राहणाऱ्या महाकप्पिनांच्या मनात आले, की आपण तर विशुद्ध आहोत, मग उपोसथास जावे की न जावे? भगवंतांनी त्यांना जावयास सांगितले. अशांनीच उपोसथाचा मान राखला नाही, तर तो कोण राखील? येऊ शकणाऱ्याने यावे आणि न येऊ शकणाऱ्यास संघाने सामावून घ्यावे, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

हे नियम भिक्खूंसाठी आहेत. उपासकांच्या सभेस ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि दूरध्वनीने संघकम्म सिद्ध होते असेही आम्ही म्हणत नाही. त्यांतील न्याय मात्र आपल्या उपयोगाचा आहे. अंथरुणास खिळलेली उपासिका मोबाईलवर त्रिशरण-पंचशील म्हणते; पण विहाराची वर्षावासाची व्यवस्था वा वर्गणी ठरते, तेव्हा तिला कोणी विचारीत नाही. ती श्रोता उरते, सभासद राहत नाही. प्रत्येक विहाराने अशांची यादी ठेवावी, ठराव होण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, त्यांचे म्हणणे सभेत सांगण्यासाठी एक समर्थ व्यक्ती नेमावी. आणि ज्यांच्या घरी मोबाईलही नाही, त्यांच्या दारी चार जणांनी जाऊन वंदना करावी. आजाऱ्याच्या खाटेपाशी जाणारा संघच विनयाच्या दृष्टीने समग्र ठरला होता.