अफू, आतडे आणि उतारा

वेदनाशामक म्हणून अफूचा वापर जितका जुना, तितकीच तिच्यामुळे होणाऱ्या मलावरोधाची तक्रारही जुनी आहे. किंबहुना आतड्यांची गती मंदावण्याच्या याच गुणामुळे वैद्य तिला अतिसारावर देत. लॉडनम, म्हणजे अफूचा मद्यार्कातील द्राव, एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये साध्या दुकानांतही मिळे, आणि तो वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे हाल कवी कोलरिज याच्या टिपणवह्यांत नोंदलेले आहेत: १८०४ मध्ये माल्टाच्या जलप्रवासात त्याचा कोठा असा जखडला की सोबतच्या युद्धनौकेवरील शल्यचिकित्सकाला बोलावून एनिमा, म्हणजे गुदद्वारातून द्रव सोडण्याचा उपचार, करवून घ्यावा लागला. त्या यातनांपेक्षा त्याला लाजच अधिक बोचलेली दिसते.

एरंडेल आणि सोनामुखी हे त्या काळचे नेहमीचे उपाय होते. त्यांनी कोठा साफ होई, पण मूळ कारण तसेच राही. अफूजन्य द्रव्ये मेंदूप्रमाणेच आतड्याच्या भित्तिकेतील ग्राहींनाही, म्हणजे औषध जिथे जडते त्या रेणूंनाही, चिकटतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. शिकागो विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांनी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या मित्राची हीच व्यथा पाहून मेथिलनाल्ट्रेक्सोन या रेणूवर काम सुरू केले. तो अफूजन्य द्रव्यांना ग्राहींवर जडू देत नाही; मात्र रक्त आणि मेंदू यांमधील अडसर तो सहजी ओलांडत नसल्याने आतड्यातील अडथळा सुटतो, परंतु वेदनाशमन टिकून राहते. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तेव्हा गोल्डबर्ग हयात नव्हते.