परस्परक्रिया : संकल्पनेचा इतिहास

परस्परक्रिया : (अन्योन्यक्रिया). निसर्गातील दोन वा अधिक वस्तू एकमेकींवर जी क्रिया करतात व तीमुळे ज्या स्वतःही बदलतात, त्या व्यवहारास परस्परक्रिया म्हणतात. एखादी वस्तू ती जेथे नाही तेथे क्रिया करू शकते काय, हा या संकल्पनेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

ॲरिस्टॉटल यांच्या मते गतीसाठी चालविणाऱ्याचा प्रत्यक्ष स्पर्श आवश्यक असतो. वैशेषिक दर्शनातही संयोगाला कर्माचे कारण मानले आहे; मात्र लोहचुंबकाकडे सुई ओढली जाते, याचे दृश्य कारण न सापडल्याने कणादांच्या सूत्रांत ते ‘अदृष्ट’ मानले आहे. यूरोपात रने देकार्त यांनी १६४४ मध्ये सर्व अवकाश सूक्ष्म द्रव्याने भरलेला असून त्यातील भोवरे ग्रहांना वाहून नेतात, असे प्रतिपादन केले.

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रिन्सिपिया या ग्रंथात क्रिया व प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध दिशांना असतात, हा नियम मांडला. बोटाने दगड दाबला, तर दगडही बोटास तितक्याच प्रेरणेने दाबतो, असे उदाहरण त्यांनी दिले. या नियमामुळे ‘कर्ता’ व ‘भोक्ता’ हा भेद लोपला. सूर्य पृथ्वीला ओढतो, तशीच पृथ्वीही सूर्याला तितक्याच प्रेरणेने ओढते. तथापि मधल्या निर्वातातून ही ओढ कशी पोहोचते, हे न्यूटन यांना सांगता आले नाही. माध्यमावाचून दूरस्थ क्रिया होणे ही कल्पना विवेकास न पटणारी आहे, असे त्यांनी स्वतःच १६९३ मध्ये रिचर्ड बेंटली यांना पत्राने कळविले होते. गणिताच्या यशापुढे हा आक्षेप मागे पडला. शार्ल कुलंब यांनी १७८५ मध्ये विद्युत् भारांबाबतही व्यस्त वर्ग नियम सिद्ध केल्यावर दूरस्थ क्रियेची कल्पना दृढ झाली.

तिला पहिला धक्का १८२० मध्ये बसला. विद्युत् प्रवाहाजवळ चुंबकसूची विचलित होते, असे हान्स क्रिस्त्यान अर्स्टेड यांना आढळले. ही प्रेरणा दोहोंना जोडणाऱ्या रेषेत नव्हे, तर तारेभोवती वर्तुळाकार होती. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला व वस्तूंमधील अवकाश प्रेरणारेषांनी व्यापलेला असतो, असे मानले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये या क्षेत्राची समीकरणे मांडली. त्यांवरून विद्युत् चुंबकीय क्रिया प्रकाशाच्या वेगाने पसरते, असा निष्कर्ष निघाला व हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांच्या प्रयोगांनी (१८८७-८८) तो सिद्ध झाला.

यातून नवी अडचण उद्भवली. क्रिया पोहोचण्यास वेळ लागत असेल, तर त्या क्षणी प्रतिक्रिया कोणाची? क्षेत्र स्वतःच ऊर्जा व संवेग धारण करते, हे तिचे उत्तर होय. पीटर लेबेडेव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशाचा दाब मोजला, तेव्हा त्यास प्रायोगिक आधार मिळाला. अशा रीतीने क्षेत्र हाही परस्परक्रियेतील एक भागीदार ठरला.

गुरुत्वाकर्षणाबाबत ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये हाच विचार पूर्णत्वास नेला : द्रव्य अवकाशकालास वक्रता देते आणि ती वक्रता द्रव्याची गती ठरविते. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेले गुरुत्वीय तरंग १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रत्यक्ष नोंदले गेले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे तरंग व गॅमा किरण सु. १३ कोटी प्रकाशवर्षे अंतरावरून अवघ्या १·७ सेकंदांच्या फरकाने पृथ्वीवर आले. गुरुत्वाचा वेग प्रकाशाइतकाच असल्याचा हा निर्णायक पुरावा होय. अशा तरंगांच्या निरीक्षणासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

आधुनिक भौतिकीत गुरुत्वीय, विद्युत् चुंबकीय, दुर्बल व प्रबल अशा चार मूलभूत परस्परक्रिया मानतात. यांपैकी गुरुत्वीय परस्परक्रियेचा पुंज सिद्धांत अद्याप सिद्ध झालेला नाही. त्यामुळे न्यूटन यांना अस्वस्थ करणारा प्रश्न सूक्ष्मतर रूपात आजही शिल्लक आहे.