घाटावरच्या शहरातले आरमार

पुण्याला समुद्र नाही, तरी घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ‘आयएनएस त्रिशूळ’ या युद्धनौकेची प्रतिकृती आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या मोहिमेत याच नौकेने ‘म्हैसूर’च्या साथीने अंजदीव बेटावर नौसैनिक उतरवले. नागरिकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या स्मारकाने तिला जागा दिली, हे योग्यच. पण नौका दिसते, तिच्यावर राबलेली माणसे दिसत नाहीत. आपल्या आरमारी इतिहासातली उणीव नेमकी हीच आहे.

स्मारक हुतात्म्यांचे असते, सुखरूप परतलेल्यांचे नव्हे, असा आक्षेप येईल. दगडावर कोरायच्या नावांपुरता तो मान्य. संग्रहालयाला तो लावता येत नाही. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’ ही छोटी सुरुंगनाशक नौका, ‘ओन्दिना’ या तेलवाहू जहाजासह, दोन मोठ्या जपानी जहाजांशी भिडली. त्यांपैकी एक बुडाले, ‘बेंगाल’ मात्र बंदराला लागली. अशी लढाई हुतात्म्यांच्या यादीतून कळणार कशी? ती परतलेल्यांच्या कागदांतच सापडायची. ‘बेंगाल’वरची चाकरी ब्रिटिशांची होती, हा दुसरा आक्षेप. होतीच. पण फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल तळावरून उठाव करणारे खलाशीही त्याच चाकरीतले होते. तेव्हा वडिलांची सेवापुस्तिका, पत्रे, नौकेवरचे फोटो घरात असतील, तर रद्दीत घालण्याआधी त्यांच्या प्रती एखाद्या संग्रहालयाकडे जरूर द्या.