निश्चल चेहऱ्याची कुळकथा

इसवी सन 752. जपानमधल्या नारा शहरात, तोदाइजी मंदिरात, बुद्धाच्या अवाढव्य कांस्यमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा होता. मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला. तो 736 साली समुद्रमार्गे जपानला पोहोचला होता. या सोहळ्यात गिगाकु नावाच्या मूकनाट्याचे खेळ झाले. त्यातले नट सगळे डोके झाकून टाकणारे मुखवटे घालून नाचले. त्या मुखवट्यांपैकी कित्येक अजून शाबूत आहेत आणि काहींवर त्या दिवसाची तारीख व कारागिराचे नाव शाईने लिहिलेले आढळते.

गिगाकु मूळचे जपानचे नव्हे. ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथानुसार कोरियातल्या पेक्चे राज्यातून आलेल्या मिमाजी नावाच्या माणसाने 612 साली ते जपानी मुलांना शिकवले. त्याआधी ते कुठून कुठून फिरले असेल, याच्या खुणा पात्रांच्या नावांतच सापडतात. चोचवाला ‘कारुरा’ म्हणजे आपला गरुड. ‘बारामोन’ म्हणजे ब्राह्मण, आणि या खेळात त्याच्या वाट्याला बाळाचे लंगोट धुण्याचा विनोदी प्रवेश आला होता. शिवाय लांब नाकाचा, झिंगलेला परदेशी राजा आहेच. कापराच्या किंवा किरीच्या लाकडात कोरलेले हे मुखवटे मंदिराच्या मोकळ्या अंगणात, दुरूनही ओळखू यावेत म्हणून, ठसठशीत घडवलेले असत.

तिथून पुढच्या सात शतकांत जपानी मुखवटा दोन बाबतींत बदलत गेला: तो लहान झाला आणि त्याची हालचाल थांबली.

दरबारी नृत्याचे, बुगाकुचे, मुखवटे डोक्यावरून उतरून चेहऱ्यापुरते आले, पण त्यांतले काही अजून हलत होते. ‘र्‍योओ’ या वीर राजाच्या मुखवट्याचे डोळे फिरतात आणि दोरीने लोंबता बांधलेली हनुवटी नर्तकाच्या उडीबरोबर डुलते. पुढे ‘ओकिना’ या मंगलविधीतल्या हसऱ्या म्हाताऱ्याचा जबडाही वेगळा कापून दोरीने बांधलेला राहिला. नो या नाट्यप्रकाराच्या रंगभूमीवर ओकिना अजून होतो आणि त्यातला नट प्रेक्षकांसमोरच मुखवटा चढवतो. मात्र ओकिनाच्या पुढे नोने सुटा जबडा सोडून दिला.

याचे कारण नाटकांत आहे. कानआमी (1333–1384) आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी, शोगुन आशिकागा योशिमित्सूच्या आश्रयाने, सारुगाकु या लोकप्रिय खेळाला नवे वळण दिले आणि त्यातून नो घडले. रंगमंचावर आता मेलेल्या योद्ध्यांचे आत्मे आले, प्रियकराची वाट पाहत झुरलेल्या स्त्रिया आल्या. एकाच प्रयोगात तीच स्त्री आठवणीत रमते, तळमळते आणि शेवटी शांत होते. अशा भूमिकेला एकाच भावनेवर अडकलेला चेहरा चालत नाही.

हे चेहरे घडवणाऱ्यांची नावे झेआमीच्या तोंडची आहेत. 1430 साली त्याच्या मुलाने लिहून ठेवलेल्या ‘सारुगाकु दांगी’ या ग्रंथात राक्षसांच्या मुखवट्यांसाठी ओमी प्रांतातल्या शाकुझुरूचे, स्त्रीमुखवट्यांसाठी एचीचे नाव येते, आणि एचिझेन प्रांतातली कारागिरांची एक मालिकाच तो सांगतो: इशिओब्योए, तात्सुएमोन, याशा आणि त्यांच्यानंतरचे. त्याची एक नोंद फार सूक्ष्म आहे. इशिओब्योए आणि तात्सुएमोन यांचे मुखवटे कोणत्याही नटाने लावले तरी शोभतात. याशापासून पुढचे मुखवटे मात्र नट पारखून घेतात.

तात्सुएमोनचे नाव विशेष करून जोडले जाते ते ‘कोओमोते’शी, नोमधल्या सर्वांत कोवळ्या मुलीच्या चेहऱ्याशी. हा मुखवटा जेमतेम 21 सेंटिमीटर उंच असतो. नटाची हनुवटी खाली उघडी दिसते. भुवया काढून टाकून कपाळावर उंच, धूसर रंगवलेल्या. वरचे दात दातवण लावल्यासारखे काळे. बुबुळांच्या जागी दोन छोटी चौकोनी भोके, तेवढ्यातूनच नटाला जग दिसते. दिशा चुकू नये म्हणून तो रंगमंचाच्या कोपऱ्यातल्या खांबाचा अंदाज धरून चालतो. कपाळाच्या कडेने केसांच्या तीन बटा एकमेकींना न छेदता खाली उतरतात. इतर स्त्रीमुखवट्यांत बटांची मांडणी वेगळी असते, आणि जाणकार त्यावरूनही मुखवटा ओळखतो.

लाकूड हिनोकीचे, म्हणजे जपानी सायप्रसचे; किसो खोऱ्यातले सर्वांत नावाजलेले. नीट वाळवलेला ठोकळा पटाशीने कोरताना कारागीर मूळ मुखवट्यावरून कापलेले कागदी साचे नाकावर, गालावर, हनुवटीवर धरून खोली तपासत जातो. पाठीला लाखेचा लेप बसतो. पुढच्या बाजूला शिंपल्यांची भुकटी सरसात कालवून थरावर थर चढवतात, घासून गुळगुळीत करतात, मग रंग. केस शाईने, ओठ हिंगुळाने.

या चेहऱ्यावर ना हसू पुरते, ना रडू. ते काम नटाची मान करते. मुखवटा किंचित वर उचलला की तो उजळला म्हणतात, खाली झुकवला की झाकोळला. 2000 साली संशोधक मायकेल लायन्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश व जपानी प्रेक्षकांना वेगवेगळ्या कोनांतले मुखवटे दाखवले. खाली झुकवलेला मुखवटा पाहणाऱ्यांना आनंदी वाटू लागला, कारण त्या कोनातून ओठांची टोके वर वळलेली दिसतात. म्हणजे नट ज्याला झाकोळणे म्हणतो त्याच हालचालीत ओठ हसतात. शतकानुशतके प्रेक्षकांना या मुखवट्यावर जी मिश्र भावना दिसते, तिच्या मुळाशी ही कोरणी आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी नोच्या इतका नादी होता की तो स्वतः भूमिका करी. तात्सुएमोनच्या तीन कोओमोते त्याच्याकडे होत्या: हिम, चंद्र आणि फूल. त्याने ‘हिम’ कोन्पारू या नो नटांच्या घराण्याला, ‘फूल’ कोंगो या दुसऱ्या नटघराण्याला आणि ‘चंद्र’ तोकुगावा इयेयासूला दिल्याचे सांगतात. पुढे तोकुगावा राजवटीत देमे आणि इसेकी ही वंशपरंपरेने कोरणारी घराणी पुढे आली. नव्या चेहऱ्यांची कल्पना करण्यापेक्षा जुन्यांची बिनचूक नक्कल हेच त्यांचे मोठेपण ठरले. नक्कल केवळ आकाराची नव्हे. उडालेला रंग, ओरखडा, डागसुद्धा तसाच उतरवत.

1868 मध्ये राजवट उलथली आणि नोचे आश्रयदाते गेले. कित्येक नटांनी मुखवटे विकले, अनेक परदेशी गेले. नंतर नव्या कारागिरांनी मूळ मुखवटे अभ्यासून ही विद्या सावरली. 2008 साली नोगाकु, म्हणजे नो आणि त्याच्या जोडीचे विनोदी नाट्य क्योगेन, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. हिदेयोशीच्या तिघींपैकी ‘चंद्र’ एदो किल्ल्यातल्या आगीत गेल्याचे मानतात. ‘फूल’ टोकियोच्या मित्सुई संग्रहालयात आहे आणि कोन्पारूंना दिलेली ‘हिम’ आता क्योतोच्या कोंगो घराण्याकडे. मुखवटे कोरायला शिकणारा आजही बहुतेक वेळा कोओमोतेपासूनच सुरुवात करतो, त्याच कागदी साच्यांनी, तात्सुएमोनच्या मापाने.