सामासिक अंतर आणि सामाईक भिंत

'समास' हा शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला दोन अर्थांनी परिचित असतो. व्याकरणातला समास दोन शब्दांना एकत्र आणतो. वहीच्या पानावरचा समास कडेला कोरी जागा राखतो. नगररचनेच्या शासकीय मराठीने दुसरा अर्थ उचलला आणि इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेला 'सामासिक अंतर' म्हटले. नगरच्या जुन्या वस्तीतून हिंडताना मात्र पहिलाच अर्थ आठवत राहतो. माळीवाडा, तोफखाना, झेंडीगेट या भागांत घराला लागून घर असते. दोन घरांमध्ये पुष्कळदा एकच भिंत असते आणि कागदपत्रांत तिला 'सामाईक भिंत' म्हणतात. घर कसे बांधावे हे कोणी ठरवावे, या प्रश्नाचा दीडशे वर्षांहून मोठा इतिहास या दोन शब्दांच्या मधे उभा आहे.

१४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने स्थापन केलेल्या आणि २०२४ पासून अहिल्यानगर या अधिकृत नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात नगरपालिका आली ती १८५४ मध्ये. त्यामागे १८५० चा सव्विसावा कायदा होता. त्याचे वैशिष्ट्य असे की, रहिवाशांनी मागणी केली आणि तशी लोकेच्छा असल्याची सरकारची खात्री पटली, तरच तो त्या गावाला लागू होई. कायदा एकच, परंतु तो स्वीकारायचा की नाही हे गावाने सांगायचे. अर्थात या 'लोकेच्छे'चे फार कौतुक करण्याचे कारण नाही. वसाहतीच्या काळात गाव म्हणजे बहुधा कलेक्टर आणि चार प्रतिष्ठित मंडळी. तरीही गावाची संमती हे तत्त्व कायद्याच्या शब्दांत होते, याची नोंद घ्यावी लागते.

पुढे चित्र बदलत गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि घरातला उजेड, हवा, भोवतालची मोकळी जागा हे राज्यकर्त्यांच्या चिंतेचे विषय झाले. १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याखाली नगरपालिकांना सरकारच्या मंजुरीने आपापले उपविधी करता येत. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा बराचसा ऐच्छिक होता. १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आल्यावर नियोजनाची सूत्रे अधिकाधिक राज्याच्या हाती गेली. २००३ मध्ये नगरची महानगरपालिका झाली, तेव्हा संस्था मोठी झाली. नियम करण्याची तिची मोकळीक त्या प्रमाणात वाढली नाही.

या प्रवासाचा आजवरचा शेवटचा टप्पा म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. २०१९ मध्ये तिच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये ती अमलात आली. मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा अशी काही क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू झाली. येथे गावाने मागणी करण्याचा प्रश्नच नव्हता. १८५० मध्ये कायदा गावाच्या होकाराची वाट पाहत होता. २०२० मध्ये गावाला फार तर हरकत नोंदवता येत होती.

म्हणून एकसमान नियमांना विरोध करावा काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. गावोगावी निराळे नियम असले की त्यांचा अर्थ लावणाऱ्याची सत्ता वाढते आणि सामान्य माणसाचे हेलपाटे वाढतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. परंपरेने बांधलेले घर सुरक्षित असतेच, हा भ्रम त्या पहाटे संपायला हवा होता. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून दहाहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. नियम राजपत्रात असणे आणि इमारतीत असणे यांतले अंतर त्या दिवशी या शहराने पाहिले. आग आणि भूकंप गावाची वेस ओळखत नाहीत. त्यांच्यापुरता नियम एकच असावा.

परंतु घर म्हणजे केवळ सुरक्षिततेचा हिशेब नव्हे. चौक, ओसरी, पडवी, माजघर, देवळी या शब्दांमागे उन्हाचा, पाण्याचा आणि शेजाराचा विचार आहे. नियमावलीतही दाट वस्तीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत आणि विशेष अडचणीत सवलत देण्याचा अधिकार आहे. म्हणजे गावाला बोलायला जागा उरली आहे. ती समासाएवढीच आहे. वाचणारा माणूस आपले म्हणणे समासातच लिहितो, हे आपण मास्तर मंडळींनी तरी विसरू नये. हरकती-सूचनांची मुदत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते आणि निघून जाते. ती भाषा वाचून गावाला समजावून सांगणे हे वास्तुविशारदाइतकेच भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे. ते आपण केले नाही, तर सामाईक भिंत पडेल तेव्हा तिच्यासाठी शब्द शोधण्याचेच काम आपल्याकडे उरेल.