समदुःखींचा आधार : मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या पुनर्वसनाचा दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना :

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोध लावणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मज्जारज्जूच्या इजेचा इतिहासही त्यास अपवाद नाही. परंतु या इजेचे स्वरूप असे आहे की, तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय आजही उपलब्ध नाही. म्हणजेच येथे वैद्यक प्राण वाचवू शकते, पूर्वीचे शरीर परत देऊ शकत नाही. मग वाचलेले आयुष्य जगावयाचे कसे, हे त्या व्यक्तीस कोणी शिकविले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. हे शिक्षण मोठ्या प्रमाणावर समदुःखींनीच एकमेकांस दिले आणि इतिहासलेखनात त्याची पुरेशी नोंद झाली नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

स्टोक मँडेव्हिल : वॉर्ड हीच शाळा

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूस इजा झालेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे दगावले. त्यामुळे अशा रुग्णांविषयी डॉक्टरांमध्येही निराशेचीच भावना होती. या परिस्थितीत बदल घडविण्याचे श्रेय डॉ. लुडविग गुटमन यांना दिले जाते, आणि ते रास्तच आहे. नाझी राजवटीमुळे १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आलेल्या या ज्यू मेंदूतज्ज्ञाने १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातील मज्जारज्जू विभागाची सूत्रे हाती घेतली. रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, मूत्राशयाची काटेकोर निगा आणि नियमित व्यायाम या साध्या परंतु अखंड शिस्तीने मृत्यूचे प्रमाण घटले.

या विभागाचे दुसरे वैशिष्ट्य मात्र कमी चर्चिले गेले. एकाच प्रकारची इजा झालेले तरुण येथे मोठ्या संख्येने एकत्र आले. आदल्या वर्षी जखमी झालेला सैनिक खुर्चीवर बसून कामास लागलेला पाहणे हा नव्याने दाखल झालेल्या रुग्णासाठी कोणत्याही उपदेशापेक्षा प्रभावी धडा होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, या रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पुढे १९६० च्या रोम येथील स्पर्धांपर्यंत पोहोचलेल्या परंपरेचा हा आरंभ होय. क्रीडेच्या निमित्ताने समदुःखी एकमेकांस भेटत राहिले, ही या स्पर्धांची पदकांइतकीच महत्त्वाची फलश्रुती मानावी लागेल. रोममध्ये पदक मिळविणाऱ्या आणि स्वतः अधरांगघात झालेल्या सू मॅशम यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये मज्जारज्जूची इजा झालेल्यांचीच संघटना स्थापन झाली. उपचार घेणारा येथे संघटक झाला.

भारतीय संदर्भ : वेल्लोर, खडकी आणि कोल्हापूर

भारतात या इतिहासाचे तीन भिन्न प्रवाह दिसतात. पहिला वेल्लोरचा. तेथील डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ मधील मोटार अपघातात अधरांगघात झाला. त्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून शस्त्रक्रिया केल्या व पुढे १९६६ मध्ये वेल्लोर येथे उभ्या राहिलेल्या पुनर्वसन संस्थेचे नेतृत्व केले. येथे डॉक्टर आणि समदुःखी ही एकच व्यक्ती होती.

दुसरा प्रवाह लष्करी आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. पुण्यातील खडकी येथे १९७४ मध्ये जखमी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. अधरांगघात झालेल्या माजी सैनिकांना येथे उपचार व निवास यांबरोबरच समदुःखींचा सहवास लाभला.

तिसरा प्रवाह नागरी समाजातील असून महाराष्ट्राच्या दृष्टीने तो विशेष मोलाचा आहे. किशोरवयात अधरांगघात झालेल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना नवी दिशा दिली ती स्वतः चाकाच्या खुर्चीवर जीवन जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांनी. पुढे १९८४ मध्ये हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध आहे. सैनिकामागे निदान लष्कराची व्यवस्था होती. शेतात झाडावरून वा विहिरीत पडलेल्या ग्रामीण तरुणामागे, किंवा घरात अंथरुणास खिळलेल्या मुलीमागे कोणती व्यवस्था होती? ती पोकळी एका समदुःखीने दुसऱ्याचा हात धरून भरून काढली.

समदुःखी काय देतो?

खुर्चीवरून पलंगावर कसे सरकावे, शय्याव्रण कसे टाळावे, लघवीची नळी घेऊन प्रवास कसा करावा, विवाह व अपत्य यांविषयीचे प्रश्न कोणास विचारावेत, हे ज्ञान केवळ पाठ्यपुस्तकातून येत नाही. ते अनुभवातून येते व मौखिक परंपरेने पुढे जाते. शिवाय डॉक्टरांच्या सांगण्यात अधिकार असतो, नातेवाइकांच्या सांगण्यात करुणा असते. समदुःखीच्या सांगण्यात मात्र प्रत्यक्ष पुरावा असतो. अर्थात समदुःखीचा आधार हा वैद्यकास पर्याय नव्हे. गुटमन यांच्या शिस्तीने प्राण वाचले नसते, तर एकमेकांस आधार देण्यास कोणी उरलेच नसते, हेही तितकेच खरे.

या अनुभवास अखेर कायद्याची भाषा लाभली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम २६ मध्ये पुनर्वसनाचे साधन म्हणून समदुःखींच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने हा करार २००७ मध्ये स्वीकारला. मात्र २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील पुनर्वसनविषयक कलम २७ मध्ये तो उल्लेख आढळत नाही. शिवाय शासनाचे कर्तव्य तेथे आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत सांगितले आहे.

निष्कर्ष :

१. मज्जारज्जूच्या इजेनंतरचे पुनर्वसन ही केवळ वैद्यकीय नव्हे, तर सामाजिक आणि सामूहिक निर्मिती आहे.

२. वैयक्तिक पराक्रमाच्या कथा गौरवास्पद असल्या, तरी त्यांच्या प्रकाशात सामूहिक आधाराचा इतिहास झाकोळला जातो.

३. हे ज्ञान मौखिक असल्याने ते जाणणारी पिढी हयात असतानाच तिच्या मुलाखती नोंदविणे आवश्यक आहे. आत्मकथने व संस्थांचे वार्षिक अहवाल ही त्यास पूरक साधने ठरतील.

महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील अशा व्यक्तींकडे प्रकल्पाच्या निमित्ताने जावे. मात्र आपल्यापैकी किती महाविद्यालयांत चाकाची खुर्ची इतिहासाच्या वर्गापर्यंत पोहोचू शकते, याचा शोध त्याआधी घ्यावा लागेल. ज्यांचा इतिहास लिहावयाचा, त्यांना त्या वर्गात प्रवेश नसेल, तर ते लेखन अपुरेच राहील.